बार्शीच्या पलीकडे परमुलूख होता तेव्हा : सीमेवरच्या जिल्ह्याची लोकसंख्या कशी वाचायची?

सोलापूर जिल्ह्याचा १९४७ च्या आधीचा नकाशा हाताशी आला तर त्यात बार्शी तालुका शोधा. वायव्येला परांडा, उत्तरेला भूम आणि कळंब, पूर्वेला धाराशिव, आग्नेयेला तुळजापूर. म्हणजे तीन बाजूंना निजामाचा मुलूख, आणि माढा-मोहोळकडची एक बाजू तेवढी आपल्या जिल्ह्याला चिकटलेली. त्यातही जिल्ह्याची काही गावं निजामाच्या हद्दीत बेटांसारखी सुटलेली आणि निजामाची काही गावं जिल्ह्याच्या पोटात. आज बार्शीहून येडशीला जाताना तुम्ही जिल्हा ओलांडता आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत मात्र त्याच रस्त्यावर एका बाजूला भारत होता आणि दुसऱ्या बाजूला भारतात यायला तयार नसलेलं हैदराबाद संस्थान.

पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणारे अनेक जण 'अमुक जिल्ह्याची लोकसंख्या : एक ऐतिहासिक अभ्यास' अशा धाटणीचा विषय घेतात. विषय वाईट नाही. पण जिल्हा सीमेवरचा असेल, आणि सीमेपलीकडे वेगळी सत्ता, वेगळं नाणं, वेगळी कागदपत्रं असतील, तर जनगणनेचा तक्ता सरळ उतरवून चालत नाही. सोलापूरच्या उदाहरणावरून ते का चालत नाही, एवढंच इथे सांगतो. नुसतं 'आकड्यांकडे चिकित्सक नजरेने पाहावे' असं लिहून कुणालाच काही कळत नाही, म्हणून आकडेच घेऊ.

आधी भूगोल. ही सीमा कुठल्या डोंगराने किंवा नदीने आखून दिलेली नव्हती. बालाघाटच्या रांगा धाराशिवकडून उतरत बार्शीपर्यंत येतात. भोगावती तिकडून येऊन सीनेला मिळते. बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालून अक्कलकोटकडे जाते आणि पुढे भीमेला मिळते. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच रब्बीची ज्वारी, पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही भरवशाचा नाही. १८१८ मध्ये पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा कुठल्या गावाचा महसूल कुणाकडे, या हिशेबातून ही रेघ उमटली. म्हणून ती इतकी वेडीवाकडी आहे. तीही कायम नव्हती. १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा जिल्हाही निजामाने इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो परत निजामाकडे गेला. मधली काही वर्षं तिथला कारभार मेडोज टेलर पाहत होता. ठगांवरच्या कादंबरीमुळे आपल्याला माहीत असलेला, तोच. ज्या गावाने सात वर्षं इंग्रजी अंमल पाहिला आणि पुन्हा निजामाचा पाहिला, त्या गावाला 'सीमा' या शब्दाचा काय अर्थ वाटत असेल, याचा विचार करून बघा.

लोक ती रेघ रोज ओलांडत होते. सोलापूरचे भाविक कोजागरीला चालत तुळजापूरला जात. देवी निजामाच्या राज्यात आणि भक्त इंग्रजांच्या. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे ती लातूरपर्यंत गेली. म्हणजे बार्शीची पेठ निजामाच्या मुलखातल्या मालाशी रुळांनी बांधली गेली. सीमेवर करोडगिरीचा नाका, अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. सोयरीक मात्र कुठल्याही नाण्यात होत होती. निम्मी बार्शी सासर-माहेराने परांडा-भूमशी जोडलेली आहे असं तिकडे आजही गमतीने म्हणतात, आणि तसं म्हणायला या भूगोलात भरपूर जागा आहे.

आता आकडे. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये ७,१९,३७५ होती. १८८१ मध्ये ती ५,८२,४८७ झाली. १८९१ मध्ये ७,५०,६८९ आणि १९०१ मध्ये ७,२०,९७७. हे चार आकडे वहीत एकाखाली एक लिहा आणि क्षणभर थांबा.

पहिल्या दशकात १,३६,८८८ माणसं कमी झाली, म्हणजे १९ टक्के. कारण सगळ्यांना माहीत आहे: १८७६-७८ चा दुष्काळ. बहुतेक प्रबंधांत इथेच वाक्य संपतं, 'दुष्काळामुळे लोकसंख्या घटली.' पण पुढचं दशक बघा. १८८१ ते १८९१ मध्ये १,६८,२०२ ची वाढ आहे, जवळजवळ २९ टक्के. त्या काळच्या मृत्युमानात फक्त जन्मांच्या जोरावर दहा वर्षांत २९ टक्के वाढ होणं शक्य नाही. म्हणजे १८८१ ला 'नसलेली' सगळी माणसं मेलेली नव्हती. बरीचशी दुसरीकडे होती आणि नंतर आली. कुठे होती? दुष्काळाच्या अहवालांत सोलापूर आणि कलादगीकडून निजामाच्या मुलखात आणि वऱ्हाडात निघालेल्या लोकांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात. गुरं घेऊन, पोरं घेऊन.

मग पलीकडचे आकडे काढून ताळा करावा, असं कुणालाही वाटेल. इथे मेख आहे. हैदराबाद संस्थानातली पहिली जनगणनाच १८८१ ची. १८७२ मध्ये पलीकडे मोजणी झालेलीच नाही. म्हणजे अलीकडची घट दिसते, पण पलीकडची भर मोजायला आधीचा आकडाच नाही. आणि दुष्काळ तिकडेही होताच, त्यामुळे तिकडेही माणसं मेली आणि तिकडूनही माणसं हलली. किती मेले आणि किती गेले हे वेगळं काढायचं तर जनगणना सोडून दुसरीकडे जावं लागतं: गावोगावच्या महसुलाच्या नोंदी, पडीक राहिलेल्या सर्व्हे नंबरांची वर्षं, रिलीफ कॅम्पांचे अहवाल. शिवाय १८७२ ची मोजणी ही पहिलीच असल्याने ती किती काटेकोर होती हा प्रश्न आहेच, आणि हा जिल्हा १८६४ मध्ये मोडून १८६९ मध्ये पुन्हा बांधलेला आहे. तुलना करण्याआधी त्या त्या वर्षी जिल्ह्यात कोणते तालुके होते ते लिहून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण ते न करता काढलेली टक्केवारी परीक्षक एका प्रश्नात पाडतो.

हे झालं दुष्काळाचं, जिथे सीमा उघडी होती. १९४७-४८ मध्ये तीच सीमा तापली.

जून १९४७ मध्ये निजामाने कुठल्याच देशात सामील न होण्याचं जाहीर केलं. २९ नोव्हेंबरला भारताशी 'जैसे थे' करार झाला, पण तो टिकण्याची लक्षणं दोन्हीकडे कमीच होती. रझाकारांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. म्हणजे संघर्षाचा एक मोठा चेहरा सोलापूरच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली, स्टेट काँग्रेसचे बरेच कार्यकर्ते सीमा ओलांडून भारतात आले आणि सीमेलगत कॅम्प उभे राहिले. बार्शी तालुक्यातली गौडगाव, चिंचोली ही नावं मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत वारंवार भेटतात. कॅम्पांतून पलीकडच्या नाक्यांवर, चौक्यांवर हल्ले होत. पलीकडून रझाकारांचे हल्ले गावांवर होत. आणि त्यांच्या मागोमाग गावं उठून अलीकडे येत, बार्शीला, सोलापूरला, नात्यातल्या घरी, धर्मशाळांत, देवळांत. २२ मे १९४८ ला गाणगापूर स्टेशनवर मद्रासहून मुंबईला जाणाऱ्या गाडीवर हल्ला झाला. जुलैत सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजजवळ भारतीय सैन्याच्या तुकडीवर हल्ला झाला आणि त्यानंतर सैन्याने ते गाव ताब्यात घेतलं. नान्नज हे भारतीय मुलखाने वेढलेलं निजामाचं गाव होतं. नकाशावरची ती बेटं गमतीची वाटतात, पण अशा काळात जिल्ह्याच्या आतल्या आत प्रवास करतानाही परक्या हद्दीतून जावं लागतं.

जगात अशी उदाहरणं आजही आहेत. मोल्दोवात नीस्टर नदीच्या डाव्या काठावर ट्रान्सनिस्ट्रिया हा फुटून निघालेला पट्टा आहे, आणि त्याला लागून असलेल्या दुबसार जिल्ह्यातल्या काही गावांची घरं मोल्दोवाच्या ताब्यात तर शेतं रस्त्यापलीकडे फुटीरांच्या ताब्यात. २००४ मध्ये तिथे दोन्ही बाजूंनी आपापली वेगळी जनगणना केली, एकीने ऑक्टोबरात आणि दुसरीने नोव्हेंबरात. बार्शीच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला फार नवल वाटणार नाही. 'फुटीर' हा शब्द मात्र जपून वापरा. निजामाचं म्हणणं असं की इंग्रजांचं सार्वभौमत्व संपलं, तेव्हा मी स्वतंत्र. मी कशातून फुटतोय? भारत सरकारचं म्हणणं असं की चहूबाजूंनी भारताने वेढलेलं राज्य वेगळं राहूच शकत नाही. सिनॉप्सिसमध्ये शब्द निवडताना तुम्ही आपोआप एक बाजू घेता. घ्या, पण ती घेतली आहे हे माहीत असू द्या.

१३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल चौधरींच्या हाताखालचं मुख्य दळ सोलापूरहूनच निघालं. पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरीवरचा पूल हाती आला. १७ तारखेला निजामाने हार मानली. मराठवाड्यात तो दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतात आणि त्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. अलीकडे आलेली कुटुंबं पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत परत गेली, काही बार्शीत आणि सोलापुरातच राहिली.

पण त्याच आठवड्यांत दुसरी हालचाल सुरू झाली, उलट्या दिशेची, आणि तिच्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. गावोगावच्या मुसलमानांवर हल्ले झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानभर फिरले. त्यांच्या अंदाजाने संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि त्यांतली किमान १८ हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत. हल्ल्यांत सोलापूरसारख्या ठिकाणांहून आलेली माणसंही होती असं समितीने नोंदवलं आहे. तिने हेही नोंदवलं की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवलं. हा अहवाल कितीतरी दशकं दाबून ठेवलेला होता; तो सर्वांना वाचता येऊ लागला २०१३ मध्ये. आकडे अंदाजाचे आहेत, समितीनेच तसं म्हटलं आहे. पण म्हणून ते सोडून देता येत नाहीत. सोलापूरवर लिहिणाऱ्या संशोधकाने तर नाहीच, कारण या गोष्टीत आपला जिल्हा फक्त आसरा देणारा नव्हता.

आता १९५१ च्या जनगणनेकडे या. मोजणीची वेळ १ मार्च १९५१ चा सूर्योदय. आधीची मोजणी १ मार्च १९४१ ची, आणि ती युद्धामुळे काटछाट केलेली. दोन मोजण्यांच्या मध्ये हे सगळं घडून गेलं. लोक अलीकडे आले, परत गेले, मग दुसरे लोक उठले, त्यांतले काही हैदराबाद शहरात गेले, काही कुठे गेले ते कुणीच लिहून ठेवलं नाही. १९५१ च्या सकाळी जो जिथे होता तिथे त्याची नोंद झाली.

तरीही वाटतं की १९५१ च्या जनगणनेत 'निर्वासित' असा खास तक्ता आहे, त्यात ही माणसं सापडतील. फाळणीनंतरची पहिलीच जनगणना, त्यामुळे निर्वासितांची मोजणी तिने आवर्जून केली. पण व्याख्या वाचा. निर्वासित म्हणजे १ मार्च १९४७ नंतर पश्चिम पाकिस्तानातून किंवा १५ ऑक्टोबर १९४६ नंतर पूर्व पाकिस्तानातून, दंगलींमुळे किंवा त्यांच्या भीतीने घर सोडून भारतात आलेली व्यक्ती. कराचीहून सोलापुरात आलेलं सिंधी कुटुंब या तक्त्यात आहे. परांड्याहून बार्शीत आलेलं आणि तिथेच राहिलेलं शेतकरी कुटुंब नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावातून उठून हैदराबादेत गेलेली विधवा आणि तिची मुलंही नाहीत. मोजणाऱ्यांनी त्यांना वगळायचं ठरवलं असं नाही. व्याख्या करताना त्यांचा विचारच झाला नाही. हैदराबाद आता भारतच होतं, मग भारतातून भारतात आलेला माणूस निर्वासित कसा?

माझ्या मते या दशकाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे. 'सोलापूर जिल्ह्यात निर्वासितांचे प्रमाण अल्प' असं वाक्य तक्त्यावरून बरोबर ठरतं आणि माणसांच्या बाबतीत चूक. तुम्ही ते लिहाल तेव्हा निदान व्याख्या सोबत लिहा.

त्यात आणखी एक घोळ आहे. जानेवारी १९५० मध्ये परस्परांच्या हद्दीत अडकलेली गावं एकमेकांत विलीन करण्याचा आदेश निघाला. त्याच सुमारास अक्कलकोटसारखी छोटी संस्थानं सोलापूर जिल्ह्यात आली. म्हणजे १९४१ चं सोलापूर आणि १९५१ चं सोलापूर हे दोन वेगवेगळे जिल्हे आहेत. एखाद्या गावाची अख्खी वस्ती जागेवरून न हलता जिल्हा बदलते आणि तक्त्यात ती 'वाढ' म्हणून दिसते. १९६१ च्या जनगणनेत, तोवर उस्मानाबादही त्याच राज्यात आलेलं असल्याने, जुने आकडे नव्या हद्दींप्रमाणे जुळवून दिलेले आहेत. ते सोयीचे आहेत, पण ती मालिका वापरताना हे लक्षात ठेवा की तिच्यात ती जुनी रेघच पुसली गेलेली आहे. सीमेचा अभ्यास करायचा आणि सीमा पुसलेले आकडे वापरायचे, हे जमणार नाही. मूळ खंड उघडा: १९५१ चा खंड ४ मुंबई, सौराष्ट्र आणि कच्छचा, आणि खंड ९ हैदराबादचा.

पुण्यात बसून यातलं बरंच करता येतं. जुने जनगणना खंड आणि गॅझेटिअर यांसाठी गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय गाठा. जुन्या अंमलाच्या कागदांसाठी पुणे पुराभिलेखागार आणि मुंबईचं राज्य पुराभिलेखागार आहे. पण अर्धा जिल्हा, म्हणजे पलीकडचा, हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि तो उर्दूत आहे. तारखा फसली सनात असतात. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. १९४१ ची जनगणना त्या कागदांत १३५० फसलीची. उर्दू येत नसेल तर आत्तापासून शिकायला लागा. सोलापूरच्या मराठी माणसाने आपल्याच शेजाऱ्यांचा इतिहास वाचायला उर्दू शिकावी लागते, याला माझा काही इलाज नाही. सहा महिन्यांत छापील उर्दू वाचता येते. शिकस्त लिपी वाचायला मात्र जास्त दिवस लागतात.

आणि जनगणनेत न सापडणारी माणसं शोधायची तर एक जागा सुचवतो. सीमेलगतच्या जुन्या प्राथमिक शाळांचं जनरल रजिस्टर. त्यात मुलाचं नाव, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण असे रकाने असतात. सप्टेंबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ मध्ये बार्शी, माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतल्या शाळांत दाखल झालेल्या आणि जन्मगाव पलीकडचं असलेल्या मुलांची यादी करा. मग त्यांतली किती १९४९ पर्यंत शाळा सोडून गेली ते पाहा. तसंच पलीकडच्या गावांतल्या शाळांत १९४८ च्या पावसाळ्यानंतर कोणाची नावं कायमची कमी झाली, हेही पाहा. एका शाळेतून काही सिद्ध होणार नाही. पंधरा-वीस शाळा लागतील, मुख्याध्यापकांची परवानगी लागेल, मुलांची नावं कुठेही छापायची नाहीत हे आधीच लिहून द्यावं लागेल, आणि काही रजिस्टरं वाळवीने खाल्लेली निघतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ नका, शाळा बंद असतात, दिवाळीनंतर जा.